एमआरआय नॉर्मल, तरी बाबांचा हात कापतोच

"सायेब, रिपोर्ट त नॉर्मल आला म्हंते. मंग बाबाचा हात काऊन कापते?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. मी डॉक्टर नाही. एमआरआय सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. पेशंटला टेबलावर झोपवायचं, डोक्याभोवती कॉइल बसवायची, "हलू नका जी" असं पन्नासदा सांगायचं आणि फोटो नीट निघाले की नाही ते पाहायचं, हे माझं काम. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितात, निदान न्यूरोलॉजिस्ट करतात. पण ते दोघंही दाराच्या आत असतात, म्हणून बाकड्यावर बसलेली मंडळी मलाच धरतात. कुणी दारव्ह्याहून आलेलं, कुणी राळेगावहून, कुणी आर्वीहून. हातात कापड दुकानाची पिशवी, पिशवीत फायली, आणि पहाटेची पहिली एसटी धरल्यामुळे डोळ्यांत झोप. बाकड्यावर दोन मिनिटांत जे सांगता येत नाही, ते इथे निवांत लिहितो.

आधी उत्तर देऊन टाकतो. पार्किन्सन, म्हणजे कंपवात, झालेल्या बहुतेक माणसांचा साधा एमआरआय नॉर्मलच येतो. त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाचा येईल तसाच. तेव्हा नॉर्मल रिपोर्ट पाहून "पार्किन्सन नाही" असं कुणी म्हणत असेल तर तो चुकतो आहे.

मीही चुकलो होतो. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, जन्मभर कपाशी आणि तूर केलेला माणूस. बासष्टाव्या वर्षी त्यांचा डावा हात बसल्या जागी हलायला लागला. अंगठा बोटांवर असा फिरे, की हा माणूस तळहातावर तंबाखू मळतो आहे असंच वाटावं. कप उचलला की थरथर थांबे, हात मांडीवर टेकला की पुन्हा सुरू. मोठी आई म्हणे, "खर्रा सोडला न, म्हणून हात वळवळते." मी तेव्हा या कामात नवा होतो. ओळखीनं एमआरआय करून घेतला, रिपोर्ट नॉर्मल आला, आणि मीच घरी फोन केला की काही नाही, मेंदू चांगला आहे. त्या एका फोनमुळे पुढचे आठ महिने त्यांना कुणी डॉक्टरकडे परत नेलं नाही.

फोटोत करंट दिसत नाही

मेंदूच्या देठात, वरच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा असतो. त्याचं लॅटिन नाव सब्स्टॅन्शिया नायग्रा, अर्थ साधा, 'काळा पदार्थ'. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि लांब तंतूंवाटे ते वर स्ट्रायटम नावाच्या भागाला पुरवतात. हालचाल सुरू करायला, तिचा वेग आणि आवाका सांभाळायला हा पुरवठा लागतो. पार्किन्सनमध्ये या काळ्या पेशी हळूहळू मरत जातात. गंमत अशी, की बराच काळ उरलेल्या पेशी काम भागवून नेतात. हात कापायला लागतो तोवर स्ट्रायटममध्ये पोचणाऱ्या तंतूंची निम्मी किंवा त्याहून जास्त टोकं गेलेली असतात.

आता शेतातली मोटार डोळ्यांसमोर आणा. बटण दाबलं, मोटार चालत नाही. तुम्ही खांबाचा, तारेचा, स्टार्टरचा, मोटारीचा मोबाइलवर फोटो काढून वायरमनला पाठवलात. फोटोत सगळं जागच्या जागी. पण डीपीतून करंट येतो आहे का? ते फोटोत कसं दिसणार? त्यासाठी टेस्टर लावावा लागतो. साधा एमआरआय म्हणजे हा फोटो. शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन आणि पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे ३०,००० पट ताकदीचं चुंबक यांच्या जोरावर तो मेंदूची ठेवण मिलिमीटरपर्यंत दाखवतो. डोपामिनचा पुरवठा मात्र त्याला दिसत नाही.

मग निदान होतं कसं? बघून. हे ऐकून पेशंटची पोरं नाराज होतात, एवढी मशीन असताना डॉक्टर बोटं आपटायला काय लावतो म्हणून. पण लंडनच्या जेम्स पार्किन्सननं १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला तो सहा माणसांच्या निरीक्षणावर, आणि त्यांतली काही तर त्याला रस्त्यावर दिसलेली होती. आजही मुळात तेच चालतं. हालचाल मंदावलेली असायलाच हवी, आणि तिच्या जोडीला बसल्या जागीचा कंप किंवा अंगाचा ताठरपणा, यांपैकी एक तरी. मोठ्या बाबांना शेवटी ज्या डॉक्टरीणबाईंनी ओळखलं, त्यांनी त्यांना शर्टाची बटणं काढायला लावली, अंगठा-तर्जनी भराभर आपटायला लावली, व्हरांड्यात चालवून वळवलं. मग विचारलं, फोडणीचा वास येतो का? मोठी आई म्हणाली, "तीन वर्सापासून भाजी जळली तरी यायले समजत नाई." सोसायटीच्या पासबुकावरची सही वर्षागणिक बारीक होत गेली होती. झोपेत ते लाथा झाडत, ओरडत. धुऱ्यावरून चालताना डावा हात पुढेमागे न होता नुसता लटकलेला असे, हे तर आम्ही सगळ्यांनी रोज पाहिलं होतं आणि कुणीच पाहिलं नव्हतं.

तरी डॉक्टर एमआरआय काढायला सांगतात

कारण पार्किन्सनसारखं दिसणारं सगळंच पार्किन्सन नसतं. चाल मंद, अंग ताठ, हात कापरा, या अवस्थेला डॉक्टर पार्किन्सोनिझम म्हणतात. आपण गावात 'वारं गेलं' म्हणतो तसाच हा ढोबळ शब्द, आत कारणं निरनिराळी. एमआरआय या दुसऱ्या कारणांचा शोध घेतो. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला की पैसे वाया गेले असं नाही. चार-पाच गोष्टी नाहीत, एवढं कळलेलं असतं.

त्यातल्या काही गोष्टींना तर साधा सीटी स्कॅनही पुरतो. म्हातारा माणूस बैलगाडीवरून किंवा न्हाणीत पडतो, डोक्याला लागतं, कुणी मनावर घेत नाही. मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये रक्त आठवडेच्या आठवडे झिरपून साचतं आणि चाल बिघडते. हे सीटीत दिसतं, आणि शस्त्रक्रियेनं ते रक्त काढता येतं. दुसरं, मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी वाढणं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नाही आणि विसराळूपणा, असं तिन्ही एकत्र आलं की डॉक्टर हे आवर्जून पाहतात. पाठीतून थोडं पाणी काढून चालीत फरक पडतो का ते बघतात, पडला तर नळी बसवून पाणी पोटाकडे वळवता येतं. तिसरं, बीपी-शुगरमुळे खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडून झालेले मेंदूचे छोटे-छोटे झटके (स्ट्रोक). या माणसांचे हात बरे असतात. घोटाळा कमरेखाली असतो.

इथे एक विषयांतर करतो, कारण या वाक्यांनी घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. रिपोर्टमध्ये 'एज रिलेटेड सेरेब्रल अॅट्रॉफी' असं लिहिलेलं असतं. घरच्यांना कुणीतरी त्याचा अर्थ सांगतं, "बुढ्याचा मेंदू सुकला." अहो, सत्तरीत केस पांढरे होतात, कातडी सैल पडते, तसा मेंदूही थोडा आक्रसतो. त्या शब्दांचा अर्थ 'वयाप्रमाणे' एवढाच. 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' हेही तसंच, थोडंफार बहुतेक म्हाताऱ्या मेंदूंत सापडतं. बीपीची गोळी नीट घ्या, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. सीटीत कधी 'बेसल गँग्लिया कॅल्सिफिकेशन' येतं. उतारवयात थोडा चुना तिथे साचतोच. फार असेल किंवा माणूस तरुण असेल, तर डॉक्टर रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगतात.

तरुणावरून आठवलं. तिशीतल्या पोराचे हात कापत असतील, बोलणं जड झालं असेल, तर एक आजार कुठल्याही परिस्थितीत सुटता कामा नये, विल्सनचा आजार. यात जन्मजात दोषामुळे शरीराला जास्तीचं तांबं बाहेर टाकता येत नाही आणि ते यकृतात, मेंदूत साचतं. एमआरआयमध्ये मेंदूच्या देठाच्या आडव्या कापात कधीकधी पांडाच्या तोंडासारखा आकार दिसतो. रक्त, लघवी आणि डोळ्यांच्या तपासणीनं तो पक्का करतात. लवकर कळला तर गोळ्यांनी आवरता येतो, म्हणून इतक्या आग्रहानं सांगतोय. असल्या पोराला अंगारे-धुपारे करत फिरवण्यात वर्ष घालवू नका.

पूर्व विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक. रामटेककडचं मनसर, तुमसरकडचं चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावं मँगनीजच्या खाणींमुळे सगळ्यांना माहीत आहेत. मँगनीजची धूळ किंवा वेल्डिंगचा धूर वर्षानुवर्षं फार प्रमाणात छातीत गेला, तर हा धातू मेंदूच्या ग्लोबस पॅलिडस नावाच्या भागात साचू शकतो. स्कॉटलंडमधल्या मँगनीज दळणाऱ्या कामगारांत हे १८३७ सालीच नोंदवलं गेलं होतं. माणूस कोंबड्यासारखा चवड्यांवर चालतो, चेहरा थिजतो. मँगनीजला स्वतःला चुंबकाची ओढ, त्यामुळे टी-वन नावाच्या एमआरआय फोटोत तो भाग दोन्ही बाजूंना पांढराशुभ्र उजळतो. यकृत सिरोसिसनं खराब झालेल्यांतही तसंच दिसतं, कारण मँगनीज बाहेर टाकायचं काम यकृताचं. म्हणून खाणीत, फेरो-अलॉयच्या भट्टीवर किंवा वेल्डिंगवर काम केलेलं असेल तर ते डॉक्टरांना न विचारताच सांगा. योगायोग बघा, पार्किन्सनवर लेव्होडोपा ही गोळी मोठ्या डोसमध्ये चालते हे १९६० च्या दशकात दाखवणारे जॉर्ज कोत्झियास हे चिलीतल्या मँगनीज खाण कामगारांचाही अभ्यास करत होते.

"फवारणीनं झालं का हो हे?" हाही प्रश्न येतोच. फवारणीच्या विषबाधेचं यवतमाळचं २०१७ साल कोण विसरेल. पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक हाताळणाऱ्यांत पार्किन्सन जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. पण एखाद्या माणसाचा आजार फवारणीमुळेच झाला, हे कुठलाही स्कॅन सांगू शकत नाही.

शिंजीर, बट्टी आणि कोतवाल

आता खरी अवघड जागा. पार्किन्सनचे काही चुलतभाऊ आहेत. सुरुवातीला हुबेहूब तसेच दिसतात, पण लवकर बिघडतात आणि गोळीला दाद देत नाहीत. एकात माणूस पहिल्या एक-दोन वर्षांतच मागच्या मागे पडायला लागतो, नजर खाली वळत नाही. ताटातली भाजी दिसत नाही, जिन्याची पायरी चुकते. याला पीएसपी म्हणतात. दुसऱ्यात उभं राहिलं की बीपी उतरून अंधारी येते, लघवीचा त्रास फार लवकर सुरू होतो. हा एमएसए.

रेडिओलॉजिस्ट या चुलतभावांना फोटोतल्या आकारांवरून ओळखायचा प्रयत्न करतात, आणि आकारांना नावं दिली आहेत परदेशातली. पीएसपीत मेंदूच्या देठाचा वरचा भाग झिजतो. बाजूनं घेतलेल्या कापात तो लांब चोचीच्या पक्ष्यासारखा दिसतो, खालचा फुगीर भाग म्हणजे पक्ष्याचं अंग. त्याला ते हमिंगबर्ड म्हणतात. हमिंगबर्ड आपल्याकडे नाही. आपण शिंजीर म्हणू, पळसाच्या फुलात चोच घालणारा. एमएसएच्या एका प्रकारात देठाच्या मधल्या भागात अधिकचं चिन्ह उमटतं, त्याला ते ईस्टरच्या पावाचं नाव देतात. बट्टी भाजण्याआधी तिला सुरीनं उभी-आडवी चीर देतात ना, तशी ती खूण.

तिसरा आकार पार्किन्सनचाच, आणि माझ्या फार जिव्हाळ्याचा. ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) ताकदवान मशीनवर, लोहाला संवेदनशील असा खास फोटो काढला, तर निरोगी माणसाच्या काळ्या पट्ट्यात एक छोटा पांढरा ठिपका दिसतो. त्यामुळे पट्ट्याचं टोक दुभंगलेल्या शेपटीसारखं भासतं. इंग्रज त्याला पाकोळीची शेपूट म्हणतात. मला तारेवर बसलेला कोतवाल आठवतो. पार्किन्सनमध्ये ही दुफाटा शेपूट नाहीशी होते. पण ती चुलतभावांतही जाते, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. शिवाय ठिपका एवढासा, आणि पेशंट तर कंपाचाच. तो जरा हलला की शेपूट पुसली. मशीन १.५ टेस्लाचं असेल तर ती दिसण्याची आशा आणखी कमी. रिपोर्टमध्ये या शेपटीबद्दल काहीच नसेल, तर तो विषय बहुधा तपासलाच गेलेला नसतो.

आणि शिंजीर किंवा चीर दिसली नाही म्हणजे चुलतभाऊ नाहीत, असंही समजू नका. सुरुवातीच्या वर्षांत ही चिन्हं बऱ्याचदा उमटलेलीच नसतात.

टेस्टर

करंट आहे की नाही हे पाहणारा स्कॅन वेगळा. तो न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होतो. डोपामिन सोडणाऱ्या टोकांवर ते परत शोषून घेणाऱ्या छोट्या झडपा असतात. त्या झडपांना चिकटणारं औषध थोड्या किरणोत्सर्गी द्रव्याला जोडून शिरेत टोचतात. टोकं जिवंत असतील तिथे औषध चिकटतं आणि कॅमेऱ्यात उजेड दिसतो. अमेरिकेत २०११ साली परवानगी मिळालेल्या डॅट स्कॅनमध्ये यासाठी आयोडिन वापरतात, ते महागडं काम. आपल्याकडे जास्त चालतो तो ट्रोडॅट स्कॅन, टेक्नेशियमवर. टेक्नेशियम दवाखान्यातच छोट्या जनरेटरमधून काढता येतं आणि दर सहा तासांनी निम्मं होत जातं. इंजेक्शननंतर तीन-चार तास थांबावं लागतं, मग साधारण अर्धा-पाऊण तास कॅमेऱ्याखाली. जेवणाचा डबा बांधून या. एफ-डोपा पेट (PET) स्कॅन हा तिसरा प्रकार. त्यात झडपांऐवजी टोकं डोपामिन किती बनवतात ते दिसतं.

फोटो वाचायला मजेशीर असतो. निरोगी मेंदूत दोन बाजूंना दोन स्वल्पविराम उजळलेले. पार्किन्सनमध्ये स्वल्पविरामाची शेपूट आधी विझते आणि उरतो नुसता पूर्णविराम. बहुतेकदा एका बाजूला जास्त. मोठ्या बाबांचा ट्रोडॅट झाला तेव्हा उजवीकडचा पूर्णविराम फारच फिका होता, कारण डाव्या हाताचा कारभार मेंदूच्या उजव्या बाजूकडे.

पण टेस्टरकडून किती अपेक्षा करायची? टेस्टर पेटला नाही तर करंट नाही, इतकं कळतं. डीपी जळाली, फ्यूज गेला की तार तुटली, हे तो सांगत नाही. तसंच ट्रोडॅटचं. पार्किन्सन, पीएसपी, एमएसए, तिघांतही उजेड कमीच. तिथे हा स्कॅन भाऊ आणि चुलतभाऊ वेगळे करत नाही. त्याचा खरा उपयोग टेस्टर लख्ख पेटतो तेव्हा, म्हणजे मोटार बंद आहे पण करंट आहे.

असं दोन ठिकाणी होतं. एक, इसेन्शियल ट्रेमर. या माणसाचा हात बशी उचलताना, सही करताना कापतो. मांडीवर शांत असतो. मोठ्या बाबांच्या अगदी उलट. घरात आजीचा, मामाचा हातही असाच कापायचा, असं निघतं. डोपामिनचा पुरवठा शाबूत असतो. कितीतरी जण वर्षानुवर्षं पार्किन्सन समजून गोळ्या खात असतात.

दुसरं, औषधांमुळे झालेला पार्किन्सोनिझम. हे मी सगळ्यात ठळक लिहायला हवं होतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठीचं सिनारिझिन, डोकेदुखीसाठीचं फ्लुनारिझिन, मानसिक आजारावरची हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारखी औषधं. आणि आपल्या भागात सर्रास चालणारी गॅसची कॅप्सूल, जिच्यात आम्लाच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड घातलेलं असतं. करंट येतो, पण ही औषधं डोपामिन जिथे पोचायचं त्या जागाच अडवून बसतात. एक मावशी आल्या होत्या, अंग ताठ, पावलं घसटत. पिशवीत मेंदूच्या तीन स्कॅनच्या फायली. आणि त्याच पिशवीच्या तळाला गॅसच्या कॅप्सूलच्या रिकाम्या स्ट्रिपा, दोन वर्षांच्या. "थे त गॅसची गोळी होय जी, थे कायले दाखवाची?" डॉक्टरांनी ती बंद केली. तीन-चार महिन्यांनी मावशी स्वतः चालत भेटायला आल्या. सगळ्यांचं असं पूर्ण उतरत नाही. काहींच्या आत खरा पार्किन्सन दबा धरून असतो आणि औषधानं तो फक्त उघडा पाडलेला असतो. ट्रोडॅट नेमका इथे कामाला येतो. पण मनानं गोळी बंद करू नका, विशेषतः मानसिक आजारावरची. डॉक्टरांसमोर स्ट्रिपा ओता आणि त्यांना ठरवू द्या.

भाऊ की चुलतभाऊ, हा वाद सोडवायला कधी एफडीजी पेट सुचवतात. कॅन्सरसाठी जो पेट करतात तोच, फक्त मेंदूचा. मेंदूचा कुठला भाग किती साखर खातो ते त्यात दिसतं, आणि प्रत्येक आजारात उपाशी राहणारे भाग वेगळे. शुगर वाढलेली असेल तर फोटो बिघडतो. आणखी एक तपासणी तर हृदयाची आहे. पार्किन्सनमध्ये हृदयाला जाणारे बारीक मज्जातंतूही झिजतात, एमएसएत ते बहुधा शाबूत राहतात. म्हणून छातीचा फोटो काढून मेंदूचा आजार ओळखायचा! हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थापच वाटली होती. मधुमेहातही ते तंतू झिजतात, त्यामुळे जपून वाचावा लागतो. कानशिलावरून मेंदूची सोनोग्राफीही करतात, स्वस्त आणि किरणांशिवाय. पण कानशिलाचं हाड जाड असलं की काही दिसत नाही, आणि करणारा हात सरावाचा हवा.

इतके स्कॅन वाचून घाबरू नका, सगळे करायचे नसतात. लक्षणं ठळक असली आणि लेव्होडोपानं फरक पडला, तर कित्येकांना ट्रोडॅट लागतच नाही. नागपूरला जाऊन पेट करायला शेत गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा, "या स्कॅनचा रिपोर्ट असा आला तर काय बदलेल, तसा आला तर काय बदलेल?" दोन्ही उत्तरं एकच असली, तर तो स्कॅन थांबू शकतो.

माझ्या टेबलावर येताना

जोडवी, मंगळसूत्र, कमरेची चांदीची साखळी, ताईत, सगळं घरीच ठेवून या. जोडवी निघत नाहीत म्हणून साबण लावून काढायला आमचा अर्धा तास जातो. खिशातली खर्र्याची पुडी आणि चुन्याची डबी पण बाहेर. पेसमेकर किंवा मेंदूत क्लिप असेल तर आधीच सांगा, कारण चुंबक रात्रीही बंद होत नाही. वेल्डिंग-ग्राइंडिंग करणाऱ्यांना मी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का ते विचारतो. ते गमतीनं नसतं.

पार्किन्सनची गोळी सुरू असेल आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलेलं नसेल, तर ती वेळेवर घेऊन या. अर्धा तास उताणं पडून राहायचं असतं, गोळी चुकली की अंग लाकूड होतं आणि कंप वाढतो. मशीनचा ठणठणाट दांडगा असतो, कानात बोळे देतो आम्ही. कंपाच्या पेशंटला मी सांगतो, हात दाबून धरू नका, जोर लावला की तो जास्त हलतो. अंगाशेजारी सैल सोडा आणि डोळे मिटा. झोप लागली तर उत्तम. गाढ झोपेत हा कंप बहुधा थांबतो, आणि कित्येक चांगले फोटो मी म्हाताऱ्यांच्या घोरण्यात काढलेले आहेत.

जुने फोटो आणि सीडी टाकून देऊ नका. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोशेजारी आजचा ठेवला की झीज दिसते, एकट्या फोटोत ती लपते.

आणि एक स्कॅन घरीच करा, फुकटात. अंगणात उजेड असताना बाबांना पंधरा पावलं चालवा, वळवा, परत आणा. मग खाटेवर बसवून हात मांडीवर ठेवायला सांगा, शंभरापासून उलटे आकडे मोजायला लावा, आणि तेवढा वेळ मोबाइल त्यांच्या हातांवर धरून ठेवा. मोठ्या बाबांचा असा एक व्हिडिओ आमच्याकडे आधीपासून होता, पुतणीच्या हळदीतला, एमआरआयच्या दोन वर्षं आधीचा. सगळे नाचताहेत, ते मांडवाखालून चालत येतात, उजवा हात झुलतोय, डावा मात्र शरीराला चिकटून. डॉक्टरीणबाईंनी तो तीनदा मागे घेऊन पाहिला आणि एमआरआयची फाइल न उघडताच बाजूला ठेवली.